कंदील प्रकल्प : दुसऱ्या वर्षाच्या स्टुडिओतल्या नोंदी

१९ सप्टेंबर २०२४, गुरुवार

विसर्जनाचे ढोल अजून कानात घुमताहेत आणि विभागात दिवाळीची बोलणी सुरू झाली. आमच्या कॉलेजात दर वर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांची आकाशकंदील स्पर्धा असते. पाहुणे येतात, बक्षीस असतं, फोटो निघतात. काल गेल्या तीन वर्षांचे फोटो शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिल्या वर्षी जिंकला तो एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचा), लेझर कटिंग केलेला, जाळीच्या नक्षीचा. पुढच्या वर्षी निम्म्या वर्गाचे कंदील एमडीएफचे. गेल्या वर्षी तर नक्षीसुद्धा एकाच फाइलमधून आल्यासारखी. मुलं आळशी नाहीत, रात्र रात्र जागतात. पण जागून नेमकं काय शिकली, असं कुणी विचारलं तर माझ्यापाशी उत्तर नाही.

यंदा करून पाहायचं ठरवलं. दोन तुकड्या आहेतच. अ तुकडीत नेहमीसारखी स्पर्धा. ब तुकडीला तेच काम, तेवढेच दिवस, तेवढंच बक्षीस, पण बक्षीस सोडतीने.

सोडतीची कल्पना माझी नाही. टेरेसा अमाबिले या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ साली छापलेला एक प्रयोग आहे. ७ ते ११ वर्षांच्या मुलींच्या दोन पार्ट्या, दोन्हीकडे कागद चिकटवून कोलाज करायचं. एका पार्टीत सांगितलं की चांगल्या कोलाजना बक्षीस, दुसरीत सांगितलं की बक्षिसं चिठ्ठ्या टाकून. नंतर चित्रकारांनी सगळी कोलाजं पाहिली, कुठलं कुठल्या पार्टीतलं हे त्यांना ठाऊक नव्हतं. स्पर्धेतल्या मुलींचं काम कमी सर्जनशील ठरलं. पण त्या लहान मुली होत्या आणि ती एका दिवसाची गंमत होती. इथे एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत आणि चार आठवडे आहेत.

माझ्या या उद्योगाला संशोधन म्हणायचं धाडस नाही. दोन्हीकडे शिकवणार मीच, दोन्ही तुकड्यांचे स्वभाव वेगळे. नोंदी ठेवायच्या, एवढंच.

२३ सप्टेंबर, सोमवार

ब्रीफ (काम काय, अटी काय) दिला. कंदील घडी होऊन सपाट पाकिटात मावला पाहिजे, म्हणजे पुण्याहून कुणाला नागपूरला किंवा न्यू जर्सीला पाठवता येईल. आत ९ वॅटचा एलईडी. सामान २०० रुपयांत. लेझर कटिंग नाही. थर्माकोलचा प्रश्नच येत नाही, राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे (तरी एकाने विचारलंच).

दोन्ही तुकड्यांना आणखी एक नियम: मोडलेलं, फसलेलं मॉडेल फेकायचं नाही. त्याला टाचण लावायचं, कुठे आणि का बिघडलं ते दोन शब्दांत लिहायचं आणि वर्गातल्या खोक्यात टाकायचं. प्रत्येक तुकडीचं एक खोकं. टीव्हीचं जुनं खोकं मिळालं, दुसरं कॅन्टीनमधून आणलं.

अ तुकडीचा पहिला प्रश्न: "सर, जज कोण आहेत?"

ब तुकडीचा पहिला प्रश्न: "सर, मग मार्क कशावर?" दुसरा: "त्यांना स्पर्धा आणि आम्हाला लकी ड्रॉ?" हा दुसरा अपेक्षित होता. पहिल्याने मात्र मी गप्प झालो. बक्षीस काढून घेतलं तरी स्पर्धा जात नाही, ती गुणपत्रिकेत बसलेलीच असते. बालवाडीतल्या चित्रकला स्पर्धेपासून एलिमेंटरी, इंटरमिजिएट, मग प्रवेश परीक्षेची रँक, असं करत ही मुलं इथवर आली आहेत. दोन्हीकडे अंतर्गत गुण एकाच पद्धतीने, फाइल आणि खोक्यावर देणार असं सांगितलं. खोक्यावर गुण, हे ऐकून हशा झाला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दोन्ही तुकड्या घेऊन बुरूड आळी. कामट्या कशा काढतात ते एका काकांनी दाखवलं. कोयता टेकवायचा, वरून ठोका, बांबू आपोआप धाग्याच्या रेषेत फुटत जातो. आमच्या एकाने कामटी वाकवली आणि ती कट्‌कन मोडली. काकांनी तोंडातलं पान सांभाळत दुसरी घेतली, उलटी फिरवली आणि पार गोल केली. "साल भायेर ठेव. ताण सालीवर येतो, आतला भाग पोकळ मनाचा असतोय." एवढं वाक्य ऐकायला वीस जणं होती.

संध्याकाळी ब च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा व्हिडिओ होता, खाली कुणीतरी बाण काढून साल दाखवलेली. अ मध्येही एकाने व्हिडिओ घेतला होता, मी स्वतः त्याला घेताना पाहिलं. तो ग्रुपवर आला नाही. मीही विचारलं नाही. पाहायचं ठरवलंय तर पाहायचं.

१ ऑक्टोबर, मंगळवार

आजचा प्रसंग जरा सविस्तर लिहितो.

ब मधली एक मुलगी तीन दिवस एकाच घडीशी झगडत होती. जाड क्राफ्ट कागद, पंख्यासारख्या घड्या, त्यांवर आडव्या उलट्या घड्या. उभ्या घड्या सुरेख बसायच्या. आडव्या घातल्या की कागदाच्या कण्यावर भेगा, आत दिवा लावला की त्या भेगांतून उजेडाच्या दाढ्या दिसायच्या. तिने कागद बदलला, कटरच्या पाठीने रेघ मारून पाहिली, पाणी लावलं. खोक्यात तिची चार मॉडेलं आणि चारही टाचणांवर एकच वाक्य, "आडवी घडी फुटते".

पाणी लावलेला तुकडा मी उचलला तर तो एका दिशेला वळून नळीसारखा झालेला. तिला म्हटलं, आता हा उलटा ओला कर, परत बघ. पुन्हा त्याच दिशेला वळला. मग तिच्याच लक्षात आलं. कागद कारखान्यात बनतो तेव्हा त्यातले तंतू एका दिशेला पसरतात. प्रेसवाले त्याला ग्रेन म्हणतात. ओला तुकडा वळून जी नळी होते, ती ग्रेनला समांतर असते. ग्रेनच्या दिशेने घडी घातली की ती साफ बसते, आडवी घातली की तंतू मोडतात. तिने घड्यांचं अख्खं जाळं पंचेचाळीस अंशांत फिरवलं, म्हणजे कुठलीच घडी ग्रेनला पूर्ण आडवी येईना. दोन्ही बाजूंच्या घड्या थोड्या थोड्या खरखरीत झाल्या, पण फुटल्या नाहीत.

पाचच्या सुमाराला ब तुकडीत प्रत्येक टेबलावर ओल्या कागदाचा एकेक तुकडा वळत पडला होता.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

अ मधल्या एकाला ग्रेन सापडला. त्याने मला हळूच विचारलं, "सर, हे बाकीच्यांना सांगणार का तुम्ही?" माझी पंचाईत. शिक्षक म्हणून सांगायला हवं, प्रयोग करतोय म्हणून गप्प बसायला हवं. "विचारलं तर सांगेन" म्हणालो. तासाभराने कोपऱ्यातल्या दुसऱ्याकडे पाहिलं तर तोही तुकडा ओला करून मांडीवर वहीखाली लपवत होता. दोघांच्या टेबलांत दहा फुटांचं अंतर.

५ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी, घरी वाचन. स्पर्धेवर चालणाऱ्या कलाशिक्षणाची आई म्हणजे पॅरिसची एकोल दे बोझार ही कलाशाळा. तिथे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला बंद खोलीत एकट्याने पहिला आराखडा काढायला लावत आणि पुढचं सगळं काम त्या आराखड्याशी प्रामाणिक राहून करावं लागे. मुदत संपली की चित्रं गोळा करायला हातगाडी फिरायची. गाडीला फ्रेंचमध्ये शारेत, आणि आपल्या कॉलेजांत 'शारेट' म्हणजे दोन-तीन दिवसांची कार्यशाळा! सगळ्यांत वर रोमचं पारितोषिक, जे १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर बंद झालं.

पण एक गोष्ट मी आजवर नीट लक्षात घेतली नव्हती. तिथली मुलं एकेका गुरूच्या कार्यशाळेत, आतेलिएत, शिकायची. तिथे नवखी पोरं मोठ्यांच्या चित्रांवर शाई फिरवायची आणि त्या बदल्यात मोठे त्यांना हात कसा धरायचा ते दाखवायचे. चुरस खरी पेटायची ती आतेलिए विरुद्ध आतेलिए. म्हणजे आपली दहीहंडी पथकंच. थरात उभा असलेला गोविंदा खालच्याशी स्पर्धा करत नाही. केली तर दोघे खाली.

आपण स्पर्धा उचलली, आतेलिए तिकडेच ठेवून आलो.

९ ऑक्टोबर, बुधवार. मधली तपासणी

अ तुकडी: भिंतीवर लावलेली कामं पाहून कुणीही प्रभावित होईल. रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) झकास, मागे अंधारलेला वाडा, अंगणात रांगोळी. प्रत्यक्ष मॉडेल फारच थोड्यांकडे. खोक्यात दोन वस्तू, त्यांतली एक चहाचा कप. एकाला विचारलं, प्रोसेस शीट कुठाय? "सर, प्रोसेस शेवटी करणार." मला हसू आलं, पण तो गंभीर होता. आधी अंतिम वस्तू, मग मागे जाऊन कच्ची स्केचेस काढायची, थोडी मुद्दाम वाकडी. हे मी विद्यार्थी असताना आम्हीही केलंय. जज लोकांना 'प्रवास' आवडतो म्हणून प्रवास रचायचा.

ब तुकडी: खोक्याचं झाकण बसत नाही. पण ब ची बाजू घेऊन लिहायला लागलो तर ही नोंदवही खोटी होईल. खिडकीजवळ बसणाऱ्याने अजून कागदसुद्धा आणलेला नाही. "लॉटरीच आहे ना सर." त्याच्यासारखे आणखी काही आहेत. ज्यांना कंदिलात आधीच रस होता ते सुटलेत, ज्यांना नव्हता त्यांना हलवायला काही उरलेलं नाही. फिनिशिंग सगळ्यांचंच गबाळं. फेव्हिकॉलचे ओघळ, कडा तिरक्या. अ मध्ये असा एकही ओघळ नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसऱ्यानंतर मुलं ताजी आहेत, वाद घालायला तयार. अ मधल्या एकाने नेमका मुद्दा मांडला: "सर, रुपयाचं चिन्ह स्पर्धेतूनच आलं ना?" बरोबर आहे. २००९ साली सरकारने स्पर्धा जाहीर केली, तीन हजारांवर प्रवेशिका आल्या, पाच निवडल्या आणि १५ जुलै २०१० ला डी. उदय कुमार यांचं चिन्ह स्वीकारलं गेलं. पण ते तेव्हा आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, पीएचडी करत होते आणि अक्षररचना हाच त्यांचा अभ्यास होता. स्पर्धेने त्यांचं काम देशासमोर आणलं. 'र' च्या शिरोरेषेकडे पाहायला मात्र ते आधीच शिकले होते. मुलगा म्हणाला, "म्हणजे स्पर्धा चालते, शिकून झाल्यावर." मी हो म्हणालो. आता लिहिताना वाटतंय, इतकं पटकन म्हणायला नको होतं.

कारण दुपारी ती सांगलीची मुलगी आली. अ तुकडी. मागच्या दोन सेमिस्टरच्या ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडतात तिथे) ती काय बोलली ते मला आठवत नाही, बहुधा काहीच नाही. आमच्या ज्युरीत इंग्रजी फाडफाड बोलणारा पाच मिनिटांत आपलं साधारण काम असाधारण करून दाखवतो. हिचं उलट. ती म्हणाली, "सर, स्पर्धेत बोलावं लागणार का? नसेल तर बरं." आणि एवढं बोलून थांबली नाही, पिशवीतून सात मॉडेलं काढली. खोक्यात का टाकली नाहीस? "बाकीचे बघतील." बरं, मग सात का केलीस? "नंबर काढायचाय."

म्हणजे हिला स्पर्धेनेच जागं केलंय. वर्षभर मला जमलं नाही ते.

वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या स्पर्धेची गोष्ट तिला सांगितली. १९८१ साल, १,४२१ प्रवेशिका, एकावरही नाव नाही, फक्त क्रमांक. परीक्षकांनी निवडला तो १०२६. उघडून पाहिलं तर माया लिन, येल विद्यापीठात शिकणारी २१ वर्षांची मुलगी. नाव, वय, चेहरा आणि बोलणं समोर असतं तर तिला निवडलं असतं का, कुणास ठाऊक.

संध्याकाळी परीक्षणाचा नियम बदलला. अ तुकडीच्या कंदिलांवर फक्त क्रमांक. कुणी उभं राहून सांगणार नाही, कंदीलच काय बोलायचं ते बोलेल. बोलक्या मंडळींचे चेहरे पडले.

२१ ऑक्टोबर, सोमवार. परीक्षण

परीक्षक दोन. एक पॅकेजिंग डिझायनर, दुसरे दर दिवाळीला रस्त्यावर कंदिलांचा स्टॉल लावणारे एक गृहस्थ. दुसऱ्यांना बोलावल्याबद्दल विभागात कुजबुज झाली.

त्यांनी येताच स्टूल मागितलं. वर चढले, डाव्या हाताने खिडकीचा गज धरला आणि म्हणाले, "आता द्या." प्रत्येक कंदील उजव्या हाताने उघडून, होल्डर आत सरकवून, आकड्याला अडकवायचा. "लोक असाच लावतात हो. एक हात कायम धरायला लागतो." सगळ्यांत देखणे चार कंदील तिथेच पडले, त्यांना उघडायला दोन हात आणि एक मित्र लागत होता.

डिझायनरबाई पाकीट, घडी, छपाई पाहत होत्या. दोघांचं एकमत एकाच क्रमांकावर झालं, तो पहिला. सांगलीची तिसरी. तिच्या घडीचं डिझायनरबाईंनी कौतुक केलं, स्टॉलवाल्यांना मात्र तो "लांबून भोपळा" वाटला.

निकालानंतर भांडण. पहिल्या आलेल्याची खालची झिरमिळ्यांची पट्टी आपण आधी केली होती, त्याने चोरली, असं दुसऱ्या एकाचं म्हणणं. दोघांच्या फोनमधल्या फोटोंच्या वेळा पाहण्यात माझा अर्धा तास गेला. तशीच पट्टी ब तुकडीत निम्म्या कंदिलांना आहे. तिथे ती कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मला खरं पाहायचं होतं ते आज. दोन्ही तुकड्यांना न सांगता एका तासाचं काम दिलं. एक अनोळखी कागद, एक बल्ब, बल्बवर बसेल आणि सपाट घडी होईल असं आवरण करा. गुण नाहीत, बक्षीस नाही, सोडतही नाही.

ब मधल्या बहुतेकांनी आधी कोपरा फाडला, ओला केला, दोन-तीन बारक्या घड्या घालून टाकून दिल्या, मग कामाला लागले. वस्तू पुन्हा गबाळ्या, पण उघडत होत्या, मिटत होत्या. अ मधल्या बऱ्याच जणांनी पेन्सिलीने आकृती काढायला सुरुवात केली आणि चाळीस मिनिटं काढत राहिले. कापणं मात्र त्यांचंच बघावं, सरळ आणि न थांबता. महिनाभर फिनिशिंग घोटल्याचा हात दिसतो.

पहिला आलेला अडकला. चार आठवडे त्याने एकच घडी परिपूर्ण केली होती, ती या कागदात बसेना. वेळ संपल्यावरही जागेवरून उठला नाही. सांगलीच्या मुलीने सहज केलं. तिची सात मॉडेलं खोक्यात नसतील, पण हातात होती.

खिडकीवाल्यानेही केलं, शेजारणीचं बघून. शेजारणीने दाखवलं म्हणूनच.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

जिन्यात सगळे कंदील लावले. ब ची सोडत काढली, कॅन्टीनवाल्या मावशींच्या हातून. चिठ्ठी निघाली खिडकीवाल्याची. शेवटच्या आठवड्यात कागद आणणारा हाच तो. वर्गात असा ओरडा झाला की खालच्या मजल्यावरून शिपाई वर आला. अमाबिले बाईंच्या पार्टीत असं काही झालं होतं का, माहीत नाही.

ग्रेनवाली मुलगी हसत होती पण डोळे हसत नव्हते. नंतर म्हणाली, "सर, मला बक्षीस नको होतं. पण माझं चांगलं झालंय हे कुणीतरी म्हणायला पाहिजे होतं." मी म्हटलं की. एकट्याने म्हटलेलं पुरलं नाही, हे दिसलं. ही चूक माझी. स्पर्धा काढली तेव्हा तिच्यासोबत परीक्षकही काढून टाकले. स्टुलावर चढून बघणारा माणूस ब तुकडीला मिळालाच नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

विभागाची बैठक. एका सहकाऱ्याचं म्हणणं, बाहेर एजन्सीत पिच (काम मिळवण्यासाठीची सादरीकरणं) असतातच, मुलांना आत्तापासून सवय हवी. खरंय. पण पिचला आठ जणांची टीम जाते, रात्री एकमेकांची फाइल सुधारते आणि सकाळी एकत्र हरते. आपण जी सवय लावतोय ती शेजाऱ्यापासून वही झाकायची. हे मी जरा चढ्या आवाजात बोललो. फराळाचा डबा फिरला आणि वातावरण निवळलं.

पुढच्या वर्षासाठी मंजूर झालं ते असं: तुकड्या मिसळून चार-चार जणांचे गट, स्पर्धा गटागटांत. कंदिलांवर क्रमांक. पहिले तीन आठवडे बक्षिसाची रक्कम सांगायची नाही. खोकं सबमिशनचा भाग आणि रिकामं असेल तर गट बाद. स्टॉलवाले काका तिसऱ्या आठवड्यातच एकदा बोलवायचे, निकालाला नव्हे, स्टुलावर चढायला. एकट्याने काम करायचं असलेल्यांचं काय, हा प्रश्न लोंबकळत राहिला. सांगलीच्या मुलीला गटात घातलं असतं तर सात मॉडेलं झाली असती का? मला खात्री नाही. मी ते बैठकीत बोललो नाही.

दुपारी पहिला आलेला मुलगा आला. ब च्या खोक्यातलं एक मॉडेल घरी नेऊ का, म्हणाला. कुठलं? "बघतो." अर्धा तास फरशीवर बसून खोकं उपसत होता, एकेक उघडून मिटून बघत. दोन नेली. गेल्यावर टेबलाखाली एक टाचण पडलेलं सापडलं: "इथे फाटतं. पण का?" अक्षर ग्रेनवालीचं. उद्या त्याला द्यायचं.